अंगणातला डॉगवुड: करपा, भुरी आणि वाचलेलं एक झाड

वॉशिंग्टन शहराच्या वायव्येला, साधारण शंभर किलोमीटरवर, मेरीलँड राज्यात कटॉक्टिन नावाचा डोंगर आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं विश्रांतिस्थान, कॅम्प डेव्हिड, याच डोंगरावरच्या संरक्षित वनात येतं. झाडांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र हे नाव माहीत आहे ते एका मोठ्या नुकसानीमुळे. १९८०च्या दशकात इथले डॉगवुड झपाट्याने मेले. उंच ओकच्या सावलीत वाढणारी आणि एप्रिल-मे महिन्यांत पांढरीशुभ्र होणारी ही ठेंगणी झाडं आधी खालच्या फांद्यांकडून वाळू लागली आणि मग वाळणं खोडापर्यंत पोचलं. १९८४च्या पाहणीत पूर्ण निरोगी झाड शोधून काढावं लागत होतं. दशक संपता संपता बहुतेक झाडं गेली होती.

त्या मेलेल्या झाडांमध्ये एक झाड हिरवं उभं होतं. टेनेसी विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्या काड्या नेल्या, दुसऱ्या खुंटांवर डोळे भरले, तयार झालेली रोपं मुद्दाम रोगाच्या तोंडी दिली, आणि १९९८ साली ‘ॲपलॅशियन स्प्रिंग’ या नावाने हा वाण जगापुढे ठेवला. आज पेन्सिल्व्हेनियात किंवा टेनेसीत कोणी या नावाचं रोप अंगणात लावतं, तेव्हा मुळांवरचा सगळा भाग त्या एकाच झाडाचा असतो. त्या रोपाच्या लेबलवर ‘रोगप्रतिकारक’ असं लिहिलेलं असतं. माझ्या मते या झाडाबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न इथेच सुरू होतो: कोणत्या रोगाला? डॉगवुड विकत घेणारा हा प्रश्न विचारत नाही, म्हणून पैसे आणि चार-पाच वर्षं दोन्ही वाया जातात.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. कॉर्नस फ्लोरिडा हे त्याचं शास्त्रीय नाव. अमेरिकेच्या ईशान्येपासून खाली फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला टेक्ससच्या पूर्व भागापर्यंत ते आपसूक उगवतं. उंची पाच ते दहा मीटर, फांद्या आडव्या, थरांनी पसरलेल्या. जून झाडाच्या सालीवर चौकोनी खवले दिसतात. ज्या चार ‘पाकळ्यां’साठी लोक रस्त्याकडेला गाडी थांबवतात, त्या खरं तर छदं आहेत, म्हणजे फुलांना वेढणारी रूप बदललेली पानं. बोगनवेलीचा रंगही असाच छदांचा असतो आणि खरी फुलं आत बारीक, फिकट असतात. डॉगवुडची खरी फुलं मधोमध हिरवट-पिवळ्या झुबक्यात दाटलेली असतात. प्रत्येक छदाच्या टोकाला एक खाच असते आणि ओळख पटवायला ती खाच पुरते. पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. पानं गळली की फांद्यांच्या टोकांना बटणांसारख्या त्या कळ्या दिसू लागतात आणि पूर्ण हिवाळा तशाच राहतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे भुरीची चर्चा येईल तेव्हा ती उपयोगी पडणार आहे.

शोभेपलीकडे हे झाड जंगलात मोठं काम करतं. त्याच्या पानांत कॅल्शियमचं प्रमाण वाळलेल्या वजनाच्या २ ते ३.५ टक्के असतं. खोल मातीतलं कॅल्शियम मुळं वर आणतात आणि ते पानांत साठतं. शरद ऋतूत गळलेली ही पानं इतर झाडांच्या पानांपेक्षा लवकर कुजतात, त्यामुळे कॅल्शियम मातीच्या वरच्या थरात परत मिळतं. गोगलगायींना शंखासाठी आणि पक्ष्यांना अंड्यांच्या कवचासाठी ते लागतं. शिवाय लालभडक फळं आहेत. त्यांत स्निग्धांश भरपूर असल्याने दक्षिणेकडे स्थलांतर करणारे पक्षी त्यांवर तुटून पडतात. तीसहून अधिक जातींचे पक्षी ही फळं खाताना नोंदले गेले आहेत. लाकूड घट्ट, जड आणि घासून घासून अधिकच गुळगुळीत होणारं. म्हणून अमेरिकेतल्या कापडगिरण्यांचे धोटे एकेकाळी याच लाकडाचे बनत.

लोकांच्या मनातही या झाडाला मोठी जागा आहे. व्हर्जिनियाचा राज्यवृक्ष आणि राज्यपुष्प दोन्ही हेच, नॉर्थ कॅरोलायनाचं राज्यपुष्प हे, मिसुरीचा राज्यवृक्ष हा. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्नन इथल्या आपल्या घराभोवती डॉगवुड लावले होते. पण मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती नॉक्सव्हिल शहराची. १९४७ साली जॉन गुंथर या पत्रकाराने ‘इनसाइड यू.एस.ए.’ या पुस्तकात नॉक्सव्हिलला अमेरिकेतलं सर्वांत कुरूप शहर म्हटलं. गावाला ते लागलं. तिथल्या बागप्रेमी मंडळांनी कंबर कसली, वस्त्यांमधून डॉगवुड लावायला आणि जपायला सुरुवात झाली, १९५५ मध्ये फुललेली झाडं बघत फिरण्याचा पहिला ‘डॉगवुड मार्ग’ आखला गेला आणि १९६१ पासून दर वसंतात उत्सव भरू लागला. टेनेसी विद्यापीठाचं मुख्य आवारही याच नॉक्सव्हिलमध्ये आहे. मार्क विंडहॅम आणि रॉबर्ट ट्रिजियानो या तिथल्या संशोधकांनी कारकिर्दीचा मोठा काळ डॉगवुडच्या रोगांमागे घालवला. ज्या गावाने आपला चेहरा या झाडावर घडवला, त्या गावाच्या विद्यापीठाने ते वाचवायला धावावं हे मला अगदी योग्य वाटतं.

आता रोगांकडे येऊ. महाराष्ट्रातल्या द्राक्ष आणि आंबा बागायतदारांना दोन शब्द पाठ असतात, करपा आणि भुरी. डॉगवुडचे दोन मोठे शत्रूही याच दोन गटांतले आहेत, फक्त बुरश्या वेगळ्या.

करपा घडवणारी बुरशी डिस्कुला डिस्ट्रक्टिव्हा. नावातच नाश आहे, आणि हे नाव तिला मिळालं १९९१ मध्ये. तोवर ती वीसेक राज्यांत पसरायच्या मार्गावर होती. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती जवळजवळ एकाच वेळी खंडाच्या दोन टोकांना दिसली. पश्चिमेला वॉशिंग्टन राज्यात ती पॅसिफिक डॉगवुडवर आढळली आणि पूर्वेला न्यूयॉर्क-कनेक्टिकट भागात कॉर्नस फ्लोरिडावर. दोन्ही ठिकाणं मोठ्या बंदरांच्या आसपासची. पुढच्या दहा-बारा वर्षांत ती ॲपलॅशियन डोंगररांगेने दक्षिणेला जॉर्जियापर्यंत पोचली. जनुकीय अभ्यासात या बुरशीच्या नमुन्यांमध्ये विविधता फारच कमी सापडली. शेकडो वर्षं एका प्रदेशात नांदलेल्या जिवात असं होत नाही. जपान, कोरिया आणि चीनमधला कौसा डॉगवुड हा रोग बराच सहन करतो हेही लक्षात आलं. या सगळ्याचा रोख एकाच दिशेला आहे: बुरशी बाहेरून, बहुधा आशियातून, शोभेच्या रोपांबरोबर आली असावी.

अमेरिकेला हा अनुभव नवा नव्हता. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात अमेरिकन चेस्टनटवर आशियाई बुरशी सापडली आणि पन्नासेक वर्षांत अब्जावधी चेस्टनट नष्ट झाले. त्याच काळातली आणखी एक घटना इथे सांगायलाच हवी. १९१० मध्ये टोक्यो शहराने वॉशिंग्टन शहराला दोन हजार चेरीची झाडं भेट पाठवली. तपासणीत ती किडींनी आणि सूत्रकृमींनी भरलेली निघाली, आणि राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या संमतीने ती सगळी जाळावी लागली. जपानने समजूतदारपणे १९१२ मध्ये तीन हजारांहून अधिक निरोगी झाडं पुन्हा पाठवली आणि पोटोमॅक नदीकाठच्या आजच्या बहराची सुरुवात त्यांच्यापासून झाली. १९१५ मध्ये परतभेट म्हणून अमेरिकेने जपानला जी झाडं दिली ती डॉगवुडची. चेरीच्या भेटीला शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा, २०१२ मध्ये, आणखी तीन हजार डॉगवुड जपानला दिले गेले. वनस्पतींच्या आयातीवर नियंत्रण आणणारा अमेरिकेचा पहिला मोठा कायदाही १९१२चाच. तरीही साठ-सत्तर वर्षांनी डिस्कुला आत शिरली. एखादं निरोगी दिसणारं रोपही बुरशी घेऊन येऊ शकतं आणि डोळ्यांनी केलेल्या तपासणीत ते कळत नाही.

डिस्कुलाला गारवा आणि ओल आवडते. साधारण १५ ते २० अंश तापमान, पाऊस किंवा दाट धुकं, हवा न खेळणारी सावली असेल तिथे तिचे बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर पानापानांवर उडतात. पानावर तपकिरी डाग उमटतात, त्यांना जांभळट कडा असते. पान मरतं पण गळत नाही. हिवाळ्यात निष्पर्ण झाडाच्या खालच्या फांद्यांवर करपलेली पानं लोंबताना दिसली तर करप्याचा संशय घ्यावा. रोग देठातून फांदीत उतरतो आणि खालच्या फांद्या आधी वाळतात. घाबरलेलं झाड मग खोडावर जागोजागी कोवळे धुमारे फोडतं आणि तिथेच घात होतो, कारण हे धुमारे पटकन रोगी होतात आणि बुरशी त्यांच्यातून थेट खोडात शिरते. खोडाभोवती सालीवरचे मेलेले चट्टे जुळले की झाड संपतं. लहान झाड दोन-तीन वर्षांत जाऊ शकतं.

एक सावधगिरी. वसंतात छदांवर आणि पानांवर टाचणीच्या डोक्याएवढे जांभळे ठिपके येतात ते ठिपक्याच्या करप्याचे. ती बुरशी निराळी आहे. तिने शोभा जाते, जीव जात नाही. या ठिपक्यांना भिऊन चांगलं झाड तोडू नये.

कटॉक्टिनवरचं ते झाड हिरवं होतं, एवढ्याने ते प्रतिकारक ठरत नव्हतं. रानाच्या कडेला, उन्हावाऱ्यात असलेलं झाड केवळ पानं लवकर सुकतात म्हणूनही वाचतं. ते रोगाला सामोरं गेलेलंच नसतं. खरा प्रतिकार कळतो तो त्याच झाडाची रोपं दाट सावलीत, ओलसर जागी, रोगी झाडांच्या सान्निध्यात ठेवून, शेजारी रोगाला बळी पडणारी रोपंही ठेवून. ‘ॲपलॅशियन स्प्रिंग’ या कसोटीला उतरला. त्याच्या पानांवर थोडे डाग पडतात, पण रोग फांदीत उतरत नाही. पानं मोठी, गडद हिरवी, छदं पांढरी, शरदात रंग लाल. बिया पेरून हे गुण जसेच्या तसे पुढे जातील याची खात्री नसते, म्हणून तो फक्त डोळा भरूनच वाढवतात.

हा वाण बाजारात येईपर्यंत दुसरं संकट उभं राहिलं होतं. १९९०च्या दशकाच्या मध्यावर पूर्व अमेरिकेतल्या डॉगवुडवर भुरीचा जोर अचानक वाढला. एरिसाइफी पुल्क्रा ही तिची बुरशी. द्राक्षाच्या भुरीसारखीच पांढरी पूड पानांवर चढते, कोवळी पानं मुरडतात, उन्हाळा संपता संपता कडा लालसर होऊन करपतात. मोठं झाड भुरीने सहसा मरत नाही. पण पुढच्या वर्षीच्या कळ्या नेमक्या याच काळात धरायच्या असतात आणि भुरीने ग्रासलेल्या पानांना त्यासाठी लागणारं अन्न तयार करता येत नाही. म्हणून भुरीच्या वर्षानंतरचा वसंत फिका जातो. लहान रोपांचं मात्र खरोखर नुकसान होतं.

याचा फटका सर्वाधिक बसला तो टेनेसीतल्या मॅकमिनव्हिल भागातल्या रोपवाटिकांना. देशभर विकल्या जाणाऱ्या डॉगवुडांपैकी खूप मोठा वाटा हा भाग पुरवतो. ज्या पिकाला पूर्वी फारशी फवारणी लागत नव्हती, त्यावर उन्हाळाभर दर दोनेक आठवड्यांनी बुरशीनाशक मारावं लागू लागलं. रोपाला विक्रीयोग्य उंची गाठायला एक हंगाम जास्त लागला. लहान उत्पादकांना हा खर्च पेलणं कठीण गेलं आणि कित्येकांनी डॉगवुड सोडून दिला. एखाद्या बुरशीने जंगल सोडून थेट शेतकऱ्याच्या हिशेबात हात घातल्याची ही ठळक घटना आहे.

आणि ‘ॲपलॅशियन स्प्रिंग’? तो भुरीला बळी पडतो. करप्याशी लढण्याची त्याची ताकद भुरीसमोर काही कामाची नाही. टेनेसीच्या त्याच गटाने मग हजारो रोपांमधून भुरीला तोंड देणारी मोजकी झाडं निवडली आणि त्यांतून ‘जीन्स ॲपलॅशियन स्नो’, ‘केज ॲपलॅशियन मिस्ट’ आणि ‘कॅरेन्स ॲपलॅशियन ब्लश’ हे तीन वाण दिले. पहिले दोन पांढरे, तिसऱ्याच्या छदांना गुलाबी कडा. गुलाबी-लाल रंग हवा असेल तर ‘चेरोकी ब्रेव्ह’ आहे; तो भुरीला बऱ्यापैकी तोंड देतो. पण या चौघांकडून करप्याच्या बाबतीत ‘ॲपलॅशियन स्प्रिंग’सारखी अपेक्षा धरू नये.

तिसरी वाट न्यू जर्सीतून निघाली. रटगर्स विद्यापीठात एल्विन ऑर्टन यांनी अनेक वर्षं खपून अमेरिकन कॉर्नस फ्लोरिडा आणि आशियाई कौसा यांचा संकर साधला. दोन जातींचा बहर एकाच वेळी येत नाही. कौसा तीन-चार आठवड्यांनी उशिरा, पानं फुटल्यावर फुलतो. ती अडचण ओलांडून १९९०च्या सुमारास ‘ऑरोरा’, ‘कॉन्स्टेलेशन’, ‘सिलेस्टियल’, ‘रूथ एलन’, ‘स्टारडस्ट’ आणि ‘स्टेलर पिंक’ असे सहा संकरित वाण बाहेर आले. यांचा बहर दोन्ही पालकांच्या मधल्या काळात येतो, झाडं जोमदार असतात, आणि करपा व भुरी या दोन्हींविरुद्ध त्यांची ताकद फ्लोरिडापेक्षा चांगली आहे. ऑर्टन यांनीच पुढे कौसा आणि पॅसिफिक डॉगवुडच्या संकरातून ‘व्हीनस’ काढला. त्याची छदं इतकी मोठी की एकेक फूल पंधरा सेंटिमीटरपर्यंत रुंद होतं.

रटगर्सचं आवार न्यू ब्रन्सविक आणि पिस्कॅटवे भागात आहे. शेजारी एडिसन. मराठी वाचकाला ही गावं अनोळखी नाहीत; तिथल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या अंगणात घर घेतानाच मिळालेला एखादा डॉगवुड उभा असतो. मला त्यांच्याशीच थोडं बोलायचं आहे. भारतातल्या वाचकाने मात्र हे झाड महाराष्ट्रात लावायचा मोह धरू नये. त्याला खरी थंडी लागते. कळ्यांना आणि बियांनाही. आपल्याकडचा त्याचा नातेवाईक बघायचा असेल तर उत्तराखंडात जावं. कुमाऊँ-गढवालमध्ये भमोरा नावाने ओळखला जाणारा कॉर्नस कॅपिटाटा तिथल्या डोंगरांवर वाढतो आणि त्याची लाल, गोडसर फळं स्थानिक लोक खातात.

वाण कोणता निवडायचा, हे घर कुठे आहे यावर ठरतं. डोंगराळ, गार, धुक्याच्या भागात, किंवा घराच्या उत्तरेला ओक-मेपलच्या सावलीत जागा असेल तर करपा हाच मुख्य शत्रू; तिथे ‘ॲपलॅशियन स्प्रिंग’ घ्यावा. दमट, उष्ण उन्हाळ्याच्या सखल भागात, मोकळ्या जागी करप्याची भीती कमी आणि भुरीची जास्त. तिथे टेनेसीच्या तिघांपैकी एखादा किंवा ‘चेरोकी ब्रेव्ह’. दोन्हींची धास्ती असेल, आणि फळांची फिकीर नसेल, तर रटगर्सचा संकर. मी ‘फळांची फिकीर नसेल’ असं मुद्दाम म्हणते. ते संकर बहुतांशी वांझ आहेत, त्यांना फळं जवळजवळ धरत नाहीत. कौसाला फळं लागतात, पण ती मोठी, रासबेरीसारखी. लहान स्थलांतरी पक्ष्यांना ती गिळता येत नाहीत. झाड नुसतं सुंदर आणि निरोगी असावं एवढीच अपेक्षा असेल तर कौसा उत्तम आहे, आणि अनेक तज्ज्ञ तोच सुचवतात. माझा कौल तरीही, जिथे जमेल तिथे, फ्लोरिडाच्या बाजूने आहे. जंगलातून तो मोठ्या प्रमाणात गेला; अंगणांतूनही गेला तर ऑक्टोबरमध्ये दक्षिणेला निघालेल्या पक्ष्यांचं खाणं त्या प्रदेशातून आणखी कमी होईल.

आता जागा. सर्वांत जास्त विचार इथे करावा, कारण वाण चुकला तर जागा सांभाळून घेते, पण चुकीची जागा कोणत्याही वाणाला सांभाळता येत नाही. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली ही डॉगवुडची आवड. सकाळच्या उन्हाने पानांवरचं दव लवकर सुकतं आणि बुरशीच्या बीजाणूंना रुजायला लागणारी ओल मिळत नाही. दुपारचं कडक ऊन, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीवरून परतणारी धग, पानांच्या कडा करपवते. पूर्ण सावलीत झाड जगतं, पण फुलं कमी येतात आणि करपा सोकावतो. हवा खेळती हवी. भिंत, कुंपण आणि दाट झुडपं यांच्या कोपऱ्यात कोंबू नये. झाड पूर्ण वाढल्यावर सात-आठ मीटर रुंद होऊ शकतं, म्हणून भिंतीपासून निदान चार मीटर सोडावे.

माती थोडी आम्ल, सामू ५.५ ते ६.५, सेंद्रिय पदार्थांनी भरलेली आणि उत्तम निचऱ्याची. पाणी साचणाऱ्या चिकणमातीत डॉगवुडची मुळं कुजतात. तशी जमीन असेल तर थोडा उंचवटा करूनच लावावं. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद, पण खोल मात्र गोळ्याएवढाच. खोड जिथे मुळांकडे पसरू लागतं तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. रोपवाटिकेतल्या कुंडीत तो कधी कधी मातीखाली गाडलेला असतो, तेव्हा वरची माती हाताने बाजूला करून तो शोधून काढावा. खोल लावलेलं झाड वर्षानुवर्षं कुढत राहतं आणि कारण काही केल्या सापडत नाही.

मुळं उथळ असतात, म्हणून आच्छादन लागतं. झाडाच्या सालीचे तुकडे किंवा कुजकी पानं, पाच ते दहा सेंटिमीटर जाड, फांद्यांच्या घेराएवढी पसरावीत. खोडाला मात्र टेकवू नयेत, नाहीतर साल ओली राहून सडते. आच्छादनाचा दुसरा फायदा मला पहिल्याहून मोठा वाटतो: लॉनमोअर आणि दोरीने गवत कापणारं यंत्र खोडापासून दूर राहतं. डॉगवुडची साल पातळ असते आणि गवत कापताना लागलेल्या एका खरचटण्यातून डॉगवुड बोरर नावाची अळी आत शिरते. गांधीलमाशीसारखा दिसणारा पारदर्शक पंखांचा पतंग जखमेजवळ अंडी घालतो, अळ्या सालीखालून पोखरत जातात, आणि लोक बुरशीला दोष देत राहतात. शहरातल्या अंगणांत डॉगवुड जाण्यामागे अशा जखमांचा हात फार मोठा असतो.

पहिली दोन वर्षं पावसाचं आणि हाताने दिलेलं मिळून आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पाणी मिळेल असं पाहावं. पाणी मुळाशी द्यावं, ठिबक असेल तर उत्तम. संध्याकाळी फवाऱ्याने पानं भिजवणं म्हणजे करप्याला आमंत्रण. खत बेताचं. नत्र जास्त झालं की कोवळी फूट भराभर निघते आणि भुरी नेमकी तिच्यावरच बसते. शेजारच्या हिरवळीला टाकलेलं खतही या मुळांपर्यंत पोचतं हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

करप्याच्या भागात तीन कामं नेमाने करावीत. शरदात गळलेली रोगट पानं गोळा करून अंगणाबाहेर काढावीत. कोरड्या हवेत मेलेल्या काड्या निरोगी लाकडापर्यंत छाटाव्यात. आणि खोडावर, जाड फांद्यांवर फुटलेले कोवळे धुमारे लगेच काढावेत. बुरशीनाशकाची फवारणी मी शेवटची पायरी मानते. योग्य वाण योग्य जागी असेल तर घरच्या झाडाला ती क्वचितच लागते.

खुंटाकडेही लक्ष हवं. डोळा भरलेल्या झाडाचा खुंट हा बियांपासून वाढवलेला साधा डॉगवुड असतो, त्याच्यात प्रतिकार नसतो. डोळ्याच्या जोडाखालून फुटलेली फांदी वाढू दिली तर काही वर्षांत झाडाचा निम्मा पसारा खुंटाचा होतो, आणि ‘रोगप्रतिकारक’ म्हणून आणलेलं झाड रोगाने भरतं. रोप घेतानाच जोड कुठे आहे हे विचारून घ्यावं.

जंगलातून रोप खणून आणू नये. एक तर ते क्वचितच जगतं, दुसरं म्हणजे त्याबरोबर डिस्कुलाही अंगणात येते. वनखातं सांभाळतंय त्या डॉगवुडांचं काय व्हायचं ते तिथेच ठरू द्यावं. ग्रेट स्मोकी पर्वतातल्या अभ्यासात, ज्या ओकच्या रानांत गेल्या काही दशकांत आग लागून गेली होती, तिथे डॉगवुड अधिक संख्येने टिकलेले दिसले. रान मोकळं झालं, ऊन-वारा आत आला, बुरशीला हवी तशी ओल राहिली नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. अंगणात सकाळच्या उन्हाचा आणि खेळत्या हवेचा जो आग्रह धरला, तो याच कारणासाठी.

शेवटी पक्ष्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. कॉर्नस फ्लोरिडाच्या फुलाला स्वतःच्याच झाडाचे पराग बहुधा चालत नाहीत. एकाच वाणाची चार झाडं लावली तरी ती जनुकीयदृष्ट्या एकच असतात, म्हणून आसपास दुसरा डॉगवुड नसेल तर फळं नगण्य धरतात. जागा असेल तर दोन वेगळे वाण लावावेत. एक ‘ॲपलॅशियन स्प्रिंग’ आणि एक भुरीला दाद न देणारा, अशी जोडी मला सर्वांत चांगली वाटते. एकावर एका रोगाचा जोर आला तरी दुसरं झाड उभं राहतं, आणि मधमाश्या, माश्या, भुंगेरे दोघांत पराग नेतात. जागा एकाच झाडाची असेल तर शेजाऱ्यांशी बोलून त्यांच्याकडे वेगळा वाण लावून घ्यावा. पक्षी बिया कुंपणापाशी टाकतील. तिथे उगवलेली रोपं उपटायची घाई करू नये. त्यांतली बरीच पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत भुरीने खुरटतील. एखादं स्वच्छ पानांनी वाढत राहिलं, आजूबाजूची झाडं डागाळलेली असतानाही, तर त्याचे फोटो काढून ठेवावेत आणि आपल्या काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयाला कळवावं. अशी झाडं तपासून बघायला विद्यापीठांतल्या संशोधकांना हवीच असतात.